सोमवारचे बाक

सुषमा, शाळेच्या दर्शनी फळ्यावर त्यांनी तुझ्या नावाआधी 'हसतमुख' लिहिलं. रंगीत खडूनं, वळणदार अक्षरात, कडेनं वेलबुट्टी काढून. मी ते वाचलं आणि सरळ नळावर जाऊन तोंड धुतलं. रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि शाळेत रडणाऱ्या बाईला लोक पाणी आणून देतात, रागावलेल्या बाईपासून मात्र लांब सरकतात.

तू हसतमुख नव्हतीस. जूनपासून तर नाहीच नाही. स्टाफरूममध्ये तू डबा उघडायचीस, दोन घास खायचीस आणि बाकीच्यांच्या गप्पा सुरू असताना खिडकीबाहेर पाहत बसायचीस. कुणी साड्यांचं बोललं, कुणी मुलाच्या क्लासचं बोललं, की तू मान हलवायचीस आणि मध्येच म्हणायचीस, "नववी ब मधल्या त्या पोरीनं आज पण डबा उघडला नाही वं." कुणीतरी विषय बदलायचं. बहुतेक वेळा मीच.

तू जाऊन आज एकोणीस दिवस झाले. शोकसभेत आपल्या मुख्याध्यापिका बोलल्या, संस्थेचे सचिव बोलले. दोघांनीही 'विद्यार्थीप्रिय' हा शब्द वापरला. तुझ्या फाइलमध्ये 'वर्गावर नियंत्रण नाही' असा शेरा ज्यांनी लिहिला, त्यांनीच. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उभी राहिले, माइक धरला आणि "मला जमणार नाही" म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, कंठ दाटला. दाटला नव्हता. मला जे बोलायचं होतं त्यात माझंही नाव येणार होतं, म्हणून मी बसले.

ते इथं लिहिते. तुलाच लिहिते, कारण बाकी कुणाला यातलं सगळं ठाऊक नाही.

आपण बी.एड.ला एका बाकावर होतो. पुढे योगायोगानं एकाच शाळेत लागलो. मी शहरातल्याच प्रताप नगरातून स्कूटीनं दहा-बारा मिनिटांत पोचायचे, तू रोज उमरेडहून एसटीनं यायचीस. घामेजून यायचीस, पण मस्टरवर तुझी सही माझ्या आधी असायची. आपलं भांडण तेव्हापासूनचं आहे. तू वर्गात घरच्यासारखं बोलायचीस आणि मी तुला टोकायचे. "गणित शिकवताना तरी 'मले-तुले' नको करू, मुलं पेपरातही तेच लिहितील," असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "आधी त्याच्या डोक्यात तं जाऊ दे. कोणत्या दारानं गेलं ते मंग पाहू." मी तेव्हा हसले होते. आज तेही आठवतं.

या जूनमध्ये नवी पद्धत आली. दर शुक्रवारी चाचणी आणि सोमवारी गुणांप्रमाणे बसायचं. पुढे हिरवे बाक, मध्ये पिवळे, मागे लाल. बाकांच्या कडेला खरोखरच त्या रंगाच्या पट्ट्या मारल्या. भिंतीवर नावांचा तक्ता, त्यालाही तेच रंग. सोमवारी पहिल्या तासाला मुलांनी दप्तरं खांद्यावर घेऊन भिंतीशी उभं राहायचं. बाईंनी यादी वाचायची आणि ज्याचं नाव येईल त्यानं जाऊन आपल्या रंगात बसायचं.

ती यादी मी करायचे. परीक्षा विभाग माझ्याकडे, कॉम्प्युटर माझ्याकडे. तुझ्याशी वाद घालताना मी म्हणाले होते, "मुलांना आपण कुठे आहोत ते कळायला नको का? उद्या बाहेर स्पर्धा आहे. तिथं कोण गोंजारणार आहे?" मी हे मनापासून म्हणाले होते, हे लक्षात घे. मी नुसती भित्री नव्हते. मला ते पटलेलं होतं. हिरव्यांतली मुलं खरंच जास्त अभ्यास करायला लागली होती. एकदोन पिवळे वर आले होते. मी तुला ते आकडे दाखवले. तू कागद पाहिला आणि विचारलंस, "अन् लाल?"

"लालमध्ये तीच मुलं आहेत."

"कधीपासून?"

"जूनपासून."

"मंग ही शाळा झाली का वं? त्याईले आपण बसवून ठेवलं आहे तिथं. शिकवून कुठं राहिलो?"

मी म्हणाले, भावनिक होऊ नको. हा शब्द मी तुला किती वेळा ऐकवला, याची आज मला लाज वाटते.

लाल बाकावर पायल होती. ती मूळची पारशिवनीकडची, इथं मावशीकडे राहून शिकत होती. गावात तिच्या वडिलांची पिठाची चक्की. वर्गात ती इतकी गप्प असायची, की हजेरीलाही नुसता हात वर करायची. तिला गणित येत नाही, असं माझ्या यादीचं म्हणणं होतं. तू एकदा तिला ऑफ तासाला स्टाफरूमच्या बाहेर पायरीवर घेऊन बसलीस. मी आत वह्या तपासत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"चक्कीवर बसते का कधी?"

मान हलवली असावी.

"बारा किलो गहू दळले. पीठ बाराच किलो भरते?"

"नाही. घट येते." तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"किती?"

"किलोमागे वीस ग्रॅम धरते बाबा."

"मंग बारा किलोले?"

"दोनशे चाळीस." एक क्षणही गेला नाही.

"अन् शंभर किलोले?"

"दोन किलो."

"म्हणजे शेकडा किती?"

ती थांबली. मग म्हणाली, "दोनच की."

"हेच तं विचारलं होतं शुक्रवारी पेपरात."

"ते असं नव्हतं विचारलं, मॅडम."

तू आत येऊन माझ्यासमोर उभी राहिलीस. मी वहीतून मान वर केली नाही.

त्यानंतर तुझ्या वर्गात 'चांगली चूक' सुरू झाली. रोज एका वहीतली एक चूक तू नाव न सांगता फळ्यावर मांडायचीस आणि मुलांना विचारायचीस, की हे ज्यानं लिहिलं त्याला ते बरोबर का वाटलं असेल. उत्तर कुणी सांगायचं नाही, आधी त्या चुकीमागचं कारण शोधायचं. मुलं चार-चारच्या घोळक्यानं जमिनीवर बसायची, फरशीवर खडूनं लिहायची, भांडायची. कुठल्या रंगाचं कोण कुठे बसलं आहे याचा पत्ता नसायचा. महिनाभरात पोरं स्वतःहून सांगायला लागली, "मॅडम, माझी चूक घ्या नं आज." मी वीस वर्षांत असं मूल पाहिलं नव्हतं, जे आपली चूक चव्हाट्यावर मांडायला पुढे येतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या वेळी मी एवढंच म्हणाले, की तुझा पोर्शन मागे पडतो आहे. पडलाही होता. ते मी अजूनही म्हणेन. दोन धडे मागे होतीस, आणि या वादात सगळं खरं तुझ्याच बाजूला होतं असं मी तू गेलीस म्हणून मानणार नाही.

मग एक दिवस सचिव फेरीवर आले. नववी ब च्या दारात थांबले. आत मुलं जमिनीवर, आवाज, लाल-हिरवे सगळे एकमेकांत मिसळलेले. ते तिथूनच निघून गेले. दुसऱ्या दिवशी तुला कारणे दाखवा नोटीस. आसनव्यवस्थेचं उल्लंघन, वर्गात बेशिस्त.

आता जे लिहायचं आहे, ते लिहिते.

त्या दिवशी दुपारी मला ऑफिसमध्ये बोलावलं. माझा वर्ग तुझ्या वर्गाला लागून. मुख्याध्यापिकांनी टाइप केलेला कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, की नववी ब मधल्या गोंधळामुळे माझ्या अध्यापनात वारंवार व्यत्यय येतो. मी म्हणाले, "मॅडम, वारंवार असं काही..." त्या म्हणाल्या, "उज्ज्वला मॅडम, तुम्ही परीक्षा विभाग सांभाळता. यादी तुम्हीच करता ना? मग ती पाळली जात नाही याचा त्रास तुम्हाला होत नाही का?" त्यांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. चहाही मागवला होता. मी सही केली.

भिंतीपलीकडून मला तुझ्या वर्गाचा आवाज येत असे, हे खरं. त्यामुळे माझ्या वर्गाचं लक्ष कधीकधी तिकडे जात असे, हेही खरं. पण ते कान टवकारून ऐकत असत, कारण पलीकडे काहीतरी चाललेलं असे आणि इकडे मी असे. त्याला व्यत्यय म्हणत नाहीत. हे सही करतानाही मला माहीत होतं.

तुझ्याकडून नववीचं गणित काढून घेतलं. पाचवीचे कार्यानुभवाचे तास दिले. वर शनिवारच्या 'आनंद तासा'चे फोटो ॲपवर चढवायचं काम. मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काय केलं, याचा पुरावा म्हणून दर शनिवारी हसणाऱ्या मुलांचे पाच फोटो. ज्या शाळेत सोमवारी मुलं भिंतीला टेकून आपला रंग पुकारला जायची वाट पाहतात, तिथं शनिवारी त्यांना "हसा" म्हणायचं, आणि ते म्हणण्याचं काम त्यांनी तुला दिलं. निवडून तुला. यात कसला डाव नव्हता, असं मुख्याध्यापिका म्हणतात. मला तसं वाटत नाही.

तू एकदा मोबाइल माझ्यापुढे धरलास. पायलचा फोटो. सगळ्या मुली हसत होत्या, ती कॅमेऱ्याकडे बघत होती. "हा चढवू का?" तू विचारलंस. मी म्हणाले, दुसरा काढ. तू म्हणालीस, "दुसरा काढला तं ती हसन का?"

नववीचं गणित दुसऱ्यांकडे गेलं आणि पायलला सोमवारी सकाळी उलट्या व्हायला लागल्या. रविवारी रात्रीपासून ती जेवायची नाही, असं मावशी सांगत होती. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही. शाळेनं समुपदेशनाचा एक तास लावला. तिथं तिला 'सकारात्मक विचार करा' असं छापलेला कागद दिला. दिवाळीच्या सुटीत ती गावी गेली, आणि सुटी संपून वर्ग भरला तरी आली नाही.

"येत्या रविवारी मी पारशिवनीकडे जाऊन राहिली," तू म्हणालीस. "येतेस?"

मी का आले, मला माहीत नाही. सहीचं ओझं असेल. तुला ठाऊक नाही, असं तेव्हा मी समजत होते.

चक्की चालू होती. पायलचे वडील पांढऱ्या पिठानं माखलेले, दोन बायका दळणाचे डबे घेऊन उभ्या. त्यांनी पट्टा थांबवला, हात झटकले, आपल्याला खुर्च्या दिल्या. पायल आतल्या दारात उभी होती.

"मॅडम, मी काही तिले मारत-झोडत नाही," ते म्हणाले. "पण ती नाही म्हणते. जबरदस्ती कशी करू? इथंच नाव टाकतो आता. नाहीतर राहू द्या घरी. चक्की तं येतेच तिले."

"तिले गणित येते दादा," तू म्हणालीस. "तुमच्यापेक्षा बरं येते."

"मंग नापास काहून होते?"

तू माझ्याकडे पाहिलंस. यादी करणारी मी होते, उत्तर माझ्याकडे होतं. मी म्हणाले, "पेपरची सवय नाही तिला." तू मान खाली घातलीस.

मग तू पायलजवळ जाऊन बसलीस, उंबऱ्यावर. "काय त्रास होते, मले सांग. पूर्ण सांग."

ती बोटांची नखं कुरतडत होती. मग म्हणाली, "नाव घेतात न मॅडम, तेव्हा सगळे मांगे पायतात. मले माहीत राहते माझं कोण्या रंगात येईन. तरी उभं राहावं लागते शेवटपर्यंत."

एवढंच. लाल बाकाचंही तिला तितकं नव्हतं. तिला त्या उभं राहण्याचं होतं. मी दर सोमवारी ती यादी छापायचे, गुणांच्या उतरत्या क्रमानं, म्हणजे शेवटचं नाव शेवटी. क्रम उलटा लावायला मला एक बटण दाबावं लागलं असतं. वर्णानुक्रम लावायला एक. मला ते सुचलं नाही, कारण मी शेवटी उभी कधी राहिले नाही.

तू म्हणालीस, "दुखलं तं सांगायचं. चूप नाही बसायचं. आपण ज्याले सांगत नाही, त्याले कसं समजन?" पायल म्हणाली, येईन. तिच्या वडिलांनी परत निघताना आपल्या हातात पिठाची एकेक पिशवी दिली.

परतीच्या बसमध्ये तू डावा हात चोळत होतीस. मी विचारलं. "भरून येते कधीमधी," तू म्हणालीस. "चार दिवसांपासून आहे. छातीत पण दाटल्यावाणी होते." मी म्हणाले, उद्याच डॉक्टरकडे जा. तू म्हणालीस, आठवीचे सत्राचे पेपर तपासून झाले की जाईन, रजा टाकली तर आणखी एक नोटीस येईल. मी म्हणाले, "सुषमा, हे हसण्यावारी नेऊ नको." तू म्हणालीस, "तू कोणाले सांगू नको. आईले तं अजिबात नको."

आणि मी सांगितलं नाही.

सुषमा, मला तुझा राग येतो. बाकीच्यांचा येतोच, पण तुझा त्याहून जास्त. तासाभरापूर्वी उंबऱ्यावर बसून तू एका पोरीला सांगत होतीस, दुखलं की सांगायचं. तुझ्या वर्गातल्या चाळीस जणांना तू ते शिकवलंस. स्वतःच्या बाबतीत मात्र तुझं तेच, पेपर आधी, रजा नको, आईला नको. आपण बाया हे कुठून शिकून येतो? मुलांचं दुखणं ओळखायला आपल्याला प्रशिक्षण देतात, दोन दिवसांचं, प्रमाणपत्रासकट. बाईचं दुखणं ओळखायचा कागद कुणी काढलेला नाही. निघाला असता तरी आपण सही करून फाइलला लावला असता.

पायल बुधवारी आली. पुढच्या सोमवारी तू नववी ब च्या दारात उभी राहिलीस. तुझा तास नव्हता, तुला अधिकार नव्हता. तू पायलला म्हणालीस, "जा, बस. यादी झाल्यावर उठायचं असन तं उठ. उभी नको राहू." पाच मिनिटांत तुला ऑफिसमध्ये बोलावलं. परीक्षा विभाग म्हणून मलाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही एका मुलीसाठी सगळ्या शाळेची शिस्त मोडणार आहात का?"

"एका पोरीसाठी मोडते, ती शिस्तच कच्ची आहे, मॅडम."

"निकाल खाली आला तर उत्तर कोण देणार? पालक आम्हाला विचारतात, तुम्हाला नाही."

"मले पण विचारते एक पालक. आठ दिवस झाले, चक्कीवर विचारलं त्यानं. उत्तर नव्हतं माझ्यापाशी." मग तू माझ्याकडे वळलीस. "उज्ज्वला, तू होती नं. तू सांग मॅडमले. पोरगी काय बोलली ते सांग."

मी म्हणाले, "मॅडम, आपण यावर बैठक घेऊन विचार करू."

तू माझ्याकडे पाहत राहिलीस. रागानं नाही. रागानं पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. नंतर स्टाफरूममध्ये तू डबा उघडलास, आणि नेहमीसारख्या दोन सांबारवड्या, कोथिंबीर भरलेल्या, माझ्या झाकणात ठेवल्यास. मी खाल्ल्या. त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी, उमरेडच्या स्टँडवर, गाडीची वाट पाहता पाहता तू बाकड्यावरून खाली कोसळलीस. तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर होता. कंडक्टरनं ओळखलं, रोजच्या मॅडम म्हणून. दवाखान्यापर्यंतही पोचली नाहीस.

तुझ्या घरी गेले तेव्हा तुझी आई ओसरीवर बसली होती. हातमागावर आयुष्य गेलेली बाई, बोटं अजून ताठ. मला ओळखलं, जवळ बसवलं. माझा हात हातात घेतला. मग विचारलं, "तिचा हात दुखे म्हणे. मले म्हणे ग्यास झाला. तुले ठाऊक होतं का वं बाई?"

मी म्हणाले, "हो."

तिनं माझा हात सोडला नाही. फक्त म्हणाली, "मले एक फोन लावला असता." एवढंच. ती ओरडली असती, तर मी ते घेऊन घरी आले असते. आता ते वाक्य रोज माझ्याबरोबर उठतं.

शोकसभेनंतर मी तुझी फाइल पाहायला मागितली. लिपिकानं दिली. तुझ्या नोटिशीला माझा तो कागद जोडलेला होता, माझ्या सहीसकट. खाली 'प्रत मिळाली' म्हणून तुझी सही, ऑगस्टमधली. म्हणजे तुला ठाऊक होतं. पारशिवनीला मला बरोबर घेऊन गेलीस तेव्हा, बसमध्ये हात चोळत बसलीस तेव्हा, वड्या झाकणात ठेवल्यास तेव्हाही. तीन महिने. एकदाही विचारलं नाहीस, की उज्ज्वला, असं काहून केलं. हा कुठला चांगुलपणा? प्रत्येक पोराच्या चुकीमागचं कारण शोधायला तू अर्धा तास घालवायचीस. माझी चूक तुला फळ्यावर मांडावीशी वाटली नाही? मी तेवढ्याही लायकीची नव्हते? की तू वाट पाहत होतीस, मी स्वतः येऊन म्हणेन, माझी घे आज?

मी तुझ्याशी अजून भांडतेच आहे, बघ.

मी सही मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. त्या दिवशी काय घडलं, कागद कुणी टाइप केला, व्यत्यय येत होता की नव्हता, सगळं. पायल काय म्हणाली, तेही. मुख्याध्यापिकांनी ते वाचलं, चष्मा काढला. "आता गेलेल्या माणसासाठी हे कशाला, मॅडम? त्यांना काय फरक पडणार आहे?"

मी म्हणाले, "त्यांच्यासाठी नाही लिहिलं. आवक नोंदवहीत चढवा आणि मला पोच द्या."

पोच मिळायला तीन दिवस लागले. संस्थेकडून अजून काही आलेलं नाही. येईल. तक्ता भिंतीवर तसाच आहे, आणि रंग आता पालकांच्या मोबाइलवरही दिसणार आहेत असं ठरतंय. तुझ्या जाण्यानं शाळेचे डोळे उघडले वगैरे काही झालेलं नाही, कुणी तसं लिहिलं तर ते खोटं आहे.

नववी ब चं गणित सध्या माझ्याकडे दिलंय. कालचा सोमवार माझा पहिला. मी यादी केली नव्हती. आत गेले तर चाळीसच्या चाळीस मुलं दप्तरं खांद्यावर घेऊन भिंतीशी उभी. मी म्हणाले, "बसा, हवं तिथं." कुणी हललं नाही.

"मॅडम, यादी?"

"यादी नाही."

तरी कुणी हलेना. नेहमी पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीनं हात वर केला. तिचा चेहरा घाबरलेला होता. "मॅडम, मग आम्ही कुठले?"

सुषमा, चौदा-पंधरा वर्षांची मुलं. पाच महिन्यांत आपण त्यांचं हे केलं. मागच्यांचंच नाही, पुढच्यांचंही. मी जे आकडे तुला मोठ्या तोऱ्यात दाखवले होते, त्यांत हे कुठेच नव्हतं. मी खुर्चीवर बसून राहिले. पायल सगळ्यांत आधी हलली. खिडकीशेजारच्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसली, पिवळा की काय तो. मग एक मुलगा, मग दोघी. सगळी बसायला दहा मिनिटं गेली. काही जण आपापल्या जुन्याच रंगात जाऊन बसले, त्यांना मी उठवलं नाही.

मुख्याध्यापिका दारात आल्या. वर्गावरून नजर फिरवली. "उज्ज्वला मॅडम, यादी?"

"केली नाही, मॅडम."

"ऑफिसमध्ये या."

"तास संपला की येते."

त्या निघून गेल्या. मी फळ्याकडे वळले. शेकडेवारी घेतली. चांगली शिकवली नाही. आवाज चढत होता, एका मुलाला विनाकारण रागावले. तुझ्यासारखं मला येत नाही, कदाचित येणारही नाही.

हे मी तू असताना करायला हवं होतं. चक्कीवर, नाहीतर त्या दिवशी ऑफिसात, तू "तू सांग" म्हणालीस तेव्हा. एक वाक्य होतं. मी तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि इतकी सहज मिळालेली मला नको आहे.